डोंगरातली बातमी आणि जिल्हा पुरवणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रकार दिनाच्या निमित्ताने आपल्या पत्रात ग्रामीण वृत्तपत्रसृष्टीच्या विस्तारावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात आवृत्त्या आणि पुरवण्या वाढल्या म्हणजे स्थानिक पत्रकारिता वाढली, असे गृहीत धरलेले दिसते. डोंगराळ भागापुरते तरी हे गृहीतक टिकत नाही, असे मला वाटते आणि त्यासाठी मी उत्तराखंडाचा दाखला देऊ इच्छितो.

‘अल्मोड़ा अखबार’ १८७१ मध्ये, म्हणजे ‘केसरी’च्या दहा वर्षे आधी निघाला. सुरुवातीची चाळीसेक वर्षे त्याचा सूर अर्ज-विनंत्यांचाच होता. १९१३ मध्ये बद्रीदत्त पांडे संपादक झाले आणि जंगलांवरील सरकारी निर्बंध, तसेच दौऱ्यावर आलेल्या साहेबाचे सामान गावकऱ्यांनी फुकट वाहण्याची सक्ती, म्हणजे कुली बेगार, हे विषय पत्रात उघडपणे येऊ लागले. एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या वर्तनावर लिहिल्यामुळे सरकारने जामिनाची रक्कम मागितली आणि १९१८ मध्ये पत्र बंद पडले. त्याच वर्षी दसऱ्याला अल्मोड्यातूनच ‘शक्ती’ साप्ताहिक निघाले. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत फेकल्या, त्यामागे या दोन पत्रांनी केलेली काही वर्षांची मशागत होती. अक्षरओळख असलेली माणसे मोजकी असताना हे घडले, म्हणून खपाच्या आकड्यांवरून पत्राचे बळ जोखणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा.

उत्तराखंडाच्याच पश्चिम भागातील, म्हणजे गढवालमधील प्रसंग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. १९३० च्या मे महिन्यात टिहरी संस्थानातील तिलाडी येथे जंगलावरील हक्कांसाठी जमलेल्या गावकऱ्यांवर संस्थानच्या फौजेने गोळीबार केला. डेहराडूनहून निघणाऱ्या ‘गढवाली’ने त्याची हकिगत छापली. संपादक विश्वंभरदत्त चंदोला यांच्यावर खटला झाला. बातमी पाठवणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही आणि वर्षभराची कैद पत्करली. शहरातला बातमीदार गर्दीत मिसळून जातो, पण डोंगरात बातमी कोणी दिली हे खालच्या बाजारापासून वरच्या वाडीपर्यंत सर्वांना अंदाजाने कळते, त्यामुळे तिथे संपादकाचे मौन हेच बातमीदाराचे एकमेव संरक्षण असते. हे संरक्षण नसले की काय होते, तेही त्याच मुलखाने पाहिले आहे: दारूच्या धंद्यातील गुंडगिरीविरुद्ध लिहिणारे पौडीचे पत्रकार उमेश डोभाल यांचा १९८८ मध्ये खून झाला.

१५ ऑगस्ट १९७७ रोजी सुरू झालेले ‘नैनीताल समाचार’ हे पाक्षिक याच परंपरेतले. जंगलांचे लिलाव, दरडी, दारूबंदीची आंदोलने हे त्याचे विषय. १९९४ मध्ये वेगळ्या राज्याचे आंदोलन पेटले, तेव्हा छापील अंकाची वाट न पाहता या पत्राच्या मंडळींनी नैनीतालमध्ये संध्याकाळी जमलेल्या लोकांना बातम्या वाचून दाखवण्याचा उपक्रम चालवला.

त्यानंतर मोठ्या हिंदी दैनिकांनी डेहराडून आणि हल्द्वानी येथून आवृत्त्या काढल्या. ताजा अंक दूरच्या बाजारपेठांतही पोहोचू लागला आणि गावाचे नाव रोज छापून येऊ लागले, याचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्रत्येक जिल्ह्याचे पान वेगळे झाले, तशी पिथौरागढची बातमी पौडीत दिसेनाशी झाली. पूर्वीची चार पानी साप्ताहिके सगळ्या पहाडाला एकमेकांची खबर देत असत, तर आता प्रत्येक खोऱ्याला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो. जोशीमठ धोकादायक उतारावर वसले असून तिथे मोठी बांधकामे टाळावीत, असा इशारा सरकारी समितीने १९७६ मध्येच दिला होता. घरांना तडे जात असल्याचे रहिवासी आणि काही स्थानिक बातमीदार वर्षभर सांगत होते. देशाने ते ऐकले जानेवारी २०२३ मध्ये, घरे रिकामी करण्याची वेळ आल्यावर.

हे सर्व हिमालयातले म्हणून बाजूला सारता येत नाही. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले, ते बाहेरच्या जगाला प्रथम कळले एसटीच्या चालकामुळे. पुण्यासारखे वृत्तपत्रांचे माहेरघर ज्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. पुढे २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी. अशा गावांच्या वरच्या बाजूचा डोंगर कुठे खचतो आहे, पाझर कुठे नव्याने फुटला आहे, ही दुर्घटनेच्या आधीची बातमी तिथला वार्ताहरच देऊ शकतो. परंतु तालुक्याच्या वार्ताहराला आज बहुतेक ठिकाणी मिळते ते नाममात्र मानधन आणि जाहिरातींवरचे कमिशन. वाढदिवसाच्या जाहिराती ज्यांच्याकडून गोळा करायच्या, त्यांच्याच दगडखाणीविरुद्ध किंवा डोंगर पोखरून चाललेल्या प्लॉटिंगविरुद्ध त्याने लिहावे, ही अपेक्षा मला तरी प्रामाणिक वाटत नाही. आणि त्याने धाडस करून लिहिलेच, तर ती बातमी जिल्हा पुरवणीत छापून येते, जी मंत्रालयात बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या अंकात नसते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. डोंगरी तालुक्यांतील वार्ताहरांना जाहिरातींच्या कामातून मोकळे करून ठरावीक मानधन द्यावे. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तरी अकोले, जुन्नर, आंबेगाव, भोर, महाड, पाटण या पट्ट्यातील बातम्यांसाठी सर्व आवृत्त्यांत समान असे अर्धे पान राखून ठेवावे. जाहिरात विभागाची याला हरकत असेल, हे मी जाणतो. तरीही मे महिन्याच्या आत निर्णय झाला, तर येत्या पावसाळ्यापासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक वाचक, अकोले