बिअर पिंपातली की ढलप्यांवरची, ते बाटलीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी बिअरवर लेख आला होता. ‘ओकमध्ये मुरवलेली बिअर म्हणजे महिनोन्‌महिने लाकडी पिंपात ठेवलेली बिअर’ असं त्यात एक वाक्य आहे. (ओक हे टणक लाकडाचं एक झाड.) ते अर्धंच खरं आहे. राहिलेलं अर्धं सांगावं म्हणून हे पत्र. मी दारूचा जाणकार नाही, पण नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, ४१ वर्षं लाकूड मोजलं आहे. आरा मशीनवर आलेल्या लठ्ठ्याचा गाभा किती पक्का, आत पोकळ आहे का, हे वासावरून आणि ठोक्यावरून सांगणं हेच माझं काम होतं. लाकडाबद्दल अर्धवट छापून आलं की माझ्याने गप्प बसवत नाही.

मागच्या वर्षी डिसेंबरअखेर माझा पुतण्या स्कॉटलंडहून आला. ग्लासगोला नोकरीला आहे. येताना त्याने एकाच एलच्या, म्हणजे एका जातीच्या बिअरच्या, तीन बाटल्या आणल्या. व्हिस्की मुरवलेल्या ओकसोबत ही एल ठेवली आहे, असं लेबलवर होतं. मी एक बाटली फ्रीजरमध्ये टाकायला निघालो, तर तो म्हणाला, “काका, बर्फासारखी नका करू. चव मरते.” मी म्हटलं, “बिअर थंड नाही प्यायची तर काहून प्यायची रे?” त्याने ऐकलं नाही. जानेवारीतली रात्र होती. बाटली दोन तास गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि तेवढ्याच गारव्यावर उघडली.

रंग तेलपाणी केलेल्या जुन्या सागासारखा. फेस बेताचा. पेला नाकाशी नेला आणि थबकलो, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. पांढरा ओक आपल्याकडे परदेशातून फळ्यांच्या रूपात येतो, महागड्या फर्निचरसाठी. त्याची फळी रंध्याखाली गेली की ढलप्यांना एक आंबूसगोड वास सुटतो, खोबरं काढून घेतलेल्या ओल्या करवंटीसारखा. तोच वास पेल्यातून येत होता. त्याच्या मागून व्हॅनिला, मग गुळाचा पाक कढायला लागल्यावर येतो तसा दाट गोडवा, आणि घोट गिळल्यावर घशाशी व्हिस्कीची उबदार रेघ. जिभेच्या कडांना तुरटपणा राहिला, कच्ची सुपारी चघळल्यावर राहतो तसा. बिअरचा नेहमीचा कडूपणा फार मागे होता. ताटात पुडाच्या वड्या होत्या, त्यांच्याबरोबर ती बरी लागली. दुसऱ्या दिवशीसाठी आणलेली संत्रा बर्फी मी सहज तोंडात टाकली आणि वर एक घोट घेतला. काय जमलं ते! सावजी रश्श्यासमोर मात्र या एलने उभं राहू नये. मिऱ्या आणि लवंगा तिचं नावनिशाण ठेवणार नाहीत.

हे वास लाकडात येतात कुठून, ते मी पुतण्याला सांगितलं, आणि काही त्याने मला. ओक भाजला की त्याच्यातल्या लिग्निन नावाच्या घटकातून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतलाच वास. लाकडातले इतर घटक भाजून साखरेच्या पाकासारखे होतात. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोन या वासाच्या द्रव्याचा, आणि तुरटपणा टॅनिन या तुरट द्रव्याचा. पिंपासाठी पांढराच ओक का, तर त्याच्या गाभ्यातल्या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून पडद्यांनी बंद होतात, म्हणून त्यातून द्रव गळत नाही. लाल ओकच्या तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसरीकडून हवा निघते. त्याचं पिंप काय कामाचं? आमचा साग जगात भारी, बल्लारशाहच्या आगारातला साग अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेला. पण त्याच्या तेलाचा वास कातड्यासारखा. तो पेयात उतरलेला कोणालाही आवडणार नाही, हे मी सागावर आयुष्य काढलेला माणूस सांगतो.

आता त्या अर्ध्या सत्याकडे येतो. ओकची चव बिअरमध्ये दोन वाटांनी येते. एक वाट खऱ्या पिंपाची. अमेरिकेत बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते, तसा कायदाच आहे. त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही आणि ते स्कॉटलंडसारख्या देशांत जातं. असल्या जुन्या पिंपात बिअर ठेवली की भिंतीत मुरलेली व्हिस्की आणि लाकूड दोन्ही तिच्यात उतरतात. एडिनबरोची इनिस अँड गन ही बिअर कंपनी २००३ साली यातूनच उभी राहिली. एका व्हिस्की कंपनीला आपल्या पिंपांना बिअरची चव लावून हवी होती, म्हणून त्यांत बिअर भरून ठेवली. काम झालं की ती बिअर फेकायची, असं ठरलेलं. डिस्टिलरीतल्या कामगारांनी ती चाखून पाहिली आणि फेकू दिली नाही. मला ही गोष्ट फार आवडली. मालाची पारख मालाला हात लावणाऱ्यालाच आधी होते, हे मी लाकडाच्या धंद्यातही पाहिलं आहे.

दुसरी वाट ढलप्यांची. ओकचे तुकडे भाजायचे, व्हिस्कीत भिजवायचे आणि स्टीलच्या टाकीतली बिअर त्यांच्यावर ठेवायची किंवा त्यांच्यातून फिरवायची. पुतण्याने आणलेली एल याच जातीची. लठ्ठ्याच्या ढलप्या केल्या की उघडा पडणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो, हे कोणीही सुतार सांगेल. म्हणून पिंपाला जिथे महिने लागतात तिथे ढलप्यांचं काम काही आठवड्यांत होतं. पिंपातून जी अगदी हळू हवा आत झिरपते आणि चव गोल करते, ती मात्र या वाटेत नाही. पिंपातली चव जास्त खोल असते असं पुतण्याचं म्हणणं. मी पिंपातली प्यायलेलो नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

ढलप्या वापरणं म्हणजे फसवणूक, असं मी मुळीच म्हणत नाही. वरून सागाचा पातळ थर, म्हणजे व्हिनियर, मारलेलं प्लायवूडचं कपाट वाईट नसतं. ते भरीव साग म्हणून विकलं तर वाईट. युरोपीय संघाने २००६ साली वाइनमध्ये ओकचे तुकडे घालायला परवानगी दिली. उलट स्कॉच व्हिस्कीवाले याबाबत इतके कडक आहेत की २००५ साली कंपास बॉक्स या व्हिस्की कंपनीने पिंपाच्या आत वेगळ्या ओकच्या फळ्या लावल्या, तर त्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि त्या पद्धतीची व्हिस्की बंद करावी लागली. कोण बरोबर, तो वेगळा वाद. माझं मागणं एवढंच की पिणाऱ्याला कळलं पाहिजे. त्या स्कॉटिश बाटलीवर ‘व्हिस्की मुरवलेला ओक’ असं स्वच्छ लिहिलं होतं, पिंपाचं चित्र टाकून भलता समज करून दिला नव्हता. हल्ली आपल्याकडच्या मेन्यूकार्डांवर ‘ओक’, ‘बॅरल’ हे शब्द पाहतो. विचारलं तर वेटरला माहीत नसतं आणि मालकालाही नसतं.

आमच्या धंद्यात असं चालत नाही. जंगलातून निघालेल्या प्रत्येक लठ्ठ्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो, नंबर असतो, लांबी आणि गोलाई लिहिलेली असते, सोबत वाहतुकीचा पास असतो. शिक्का नसलेला लठ्ठा मी मोजायलाही घेत नसे. झाड कुठलं, कधी तोडलं, कोणत्या रस्त्याने आलं, हे सगळं त्या तोंडावर आणि त्या कागदावर वाचता येतं. बाटलीला हे का नको?

कधी आणि कोणत्या रस्त्याने, हा भाग मला फार जवळून कळला. राहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक फ्रीजमध्ये गेली. दुसरी आमच्या घरच्यांनी खोक्यासकट स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवली आणि ती मी विसरलो. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं तेव्हा त्या माळ्यावर हात घालवत नाही. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर खोकं सापडलं. मी दोन्ही बाटल्या एकसारख्या गार केल्या आणि दोन पेले शेजारी शेजारी ठेवून चाखल्या.

फ्रीजमधली जवळजवळ जानेवारीसारखीच होती. माळ्यावरचीचा रंग जरा गढूळ वाटला. नाकाशी नेली तर करवंटीचा वास गेलेला. त्या जागी ओला पुठ्ठा. पावसात भिजलेलं पार्सल उघडताना येतो ना, हुबेहूब तो. व्हॅनिला शिळ्या शिऱ्यासारखा झालेला. तुरटपणा तेवढा शाबूत होता, पण त्याला सावरणारा गोडवाच उरला नव्हता, त्यामुळे नुसतं लाकूड चाटल्यासारखं. दोन घोटांवर मी पेला ठेवून दिला. एकाच टाकीतून, एकाच दिवशी भरलेल्या या बाटल्या. पाच महिने कुठे राहिल्या, एवढाच फरक.

गंमत बघा, हीच उष्णता लाकडातल्या व्हिस्कीला मानवते. बंगळुरूच्या अमृत कंपनीने २००४ साली आपली सिंगल माल्ट व्हिस्की ग्लासगोच्याच बाजारात उतरवली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूत १० टक्क्यांहून जास्त. पण त्याच उष्णतेने ती लवकर मुरतेही. बाटलीतल्या बिअरला मात्र मुरायला लाकूड नाही, अंगात व्हिस्कीइतका दम नाही. ऊब मिळाली की आत राहिलेला थोडासा प्राणवायू तिला खात सुटतो. उजेड तर त्याहून वाईट. हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांतल्या, कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यातून असा वास तयार होतो की काही मिनिटांत बिअर नासते. म्हणून बाटली तपकिरी असते. हिरवी फारसं वाचवत नाही आणि पारदर्शक पांढरी काहीच नाही.

आता आपल्या शहरात पाहा. माझ्या रोजच्या फिरण्याच्या रस्त्यावर एक बिअर शॉपी आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी ट्रक येतो, क्रेट फुटपाथवर उतरतात आणि दुपारी चारपर्यंत तिथेच उन्हात राहतात. हिरव्या बाटल्याही असतात. मग त्यातल्या थोड्या फ्रीजमध्ये ‘चिल्ड’ करून विकल्या जातात आणि थंडपणाखाली सगळं झाकतं. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतो, थंड आहे का आणि स्ट्राँग आहे का. दूधवाल्याने पिशव्या अशा उन्हात ठेवल्या असत्या तर लोकांनी त्याला दारात उभं केलं नसतं. बिअर जवापासून केलेली नाशवंत वस्तू आहे, हे विकणाऱ्यालाही कोणी सांगितलेलं नाही. बाटली भरल्याची तारीख असते, पण इतकी बारीक आणि पुसट की माझ्या चष्म्यातून दिसत नाही.

काही वाचक म्हणतील, दारूची इतकी काळजी कशाला? शेजारी वर्ध्यात आणि पलीकडे गडचिरोलीत दारूबंदी आहे आणि ती का आली हे मला ठाऊक आहे. आमच्या यार्डातला एक चांगला हमाल दारूपायी चाळिशीच्या आत गेला. त्याच्या बायकोचा चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणूनच मी परवाना घेऊन, वर्षातून चार-सहा वेळा, एक बाटली घेतो, तीही घरी. जो थोडं आणि लक्ष देऊन पितो त्याला आपण काय पितो हे कळायला हवं. नशेसाठीच पिणाऱ्याला लेबल वाचायची गरज नसते, आणि सगळा बाजार त्याच्याच सोयीने चालावा, हे मला पटत नाही.

आपण पुरवणीत दुरुस्ती छापावी: ओकची चव पिंपातूनही येते आणि ढलप्यांवरूनही, आणि बाटलीवर नक्की काय लिहिलं आहे ते वाचावं. जमल्यास आपल्या बातमीदाराने एकदा मे महिन्याच्या दुपारी शहरातल्या चार-पाच दुकानांबाहेर थर्मामीटर घेऊन उभं राहावं आणि क्रेटवरचा आकडा छापावा. उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक दुकानात नोंदवह्या तपासायला जातातच, त्यांनी जाताना क्रेट उन्हात आहेत की सावलीत तेही लिहून आणावं.

मी त्या शॉपीवाल्याशी परवा बोललो. तरुण मुलगा आहे. ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचं सांगितलं तर म्हणाला, “काका, एवढं कोणी बोललंच नाही कधी.” काल संध्याकाळी गेलो तेव्हा बाहेरचे दोन क्रेट त्याने शटरच्या आत घेतले होते. बाकीचे सात बाहेरच होते, पण त्यांच्यावर हिरवी जाळी टाकलेली होती. ती अजून एक पदर जाड हवी, हे मी त्याला सांगून आलो आहे.

आपला नम्र,
एक जुना वाचक
लकडगंज, नागपूर