‘देखणी’च्या जुन्या प्रतीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुनी पुस्तके विक्री विभाग

विषय : नोंदीप्रमाणे प्रत न मिळाल्याबद्दल

महोदय,

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘देखणी’ या कवितासंग्रहाची प्रत आपल्या संकेतस्थळावर ‘पहिली आवृत्ती, १९९१, स्थिती उत्तम’ अशी नोंदवली होती. तिचे ६५० रुपये भरले. सांगलीत पोहोचलेल्या प्रतीला यातले काहीच लागू होत नाही.

मलपृष्ठावर ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. चिकटवलेला नाही, छापलेला. १९९१ साली हा क्रमांक दहा आकडी असे; तेरा आकडी २००७ पासून आला. म्हणजे निदान हे वेष्टन तरी १९९१चे असूच शकत नाही. आवृत्ती, मुद्रक, किंमत हा तपशील शीर्षकपानाच्या पाठीवर असतो, आणि नेमके तेच पान ब्लेडने कापलेले आहे. शिवणीजवळ दोन मिलिमीटरची पट्टी तेवढी उरली आहे. तिच्या जोडीचे पान त्यामुळे निसटायला आले आहे.

याहून वाईट म्हणजे पृष्ठ ३२ नंतर थेट ४९. मधला सोळा पृष्ठांचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा, गळाला आहे. कादंबरीत वाक्य अर्ध्यात तुटते, लगेच कळते. कवितासंग्रहात एक कविता संपते, दुसरी सुरू होते. चाळणाऱ्याला शंकाही येत नाही. म्हणूनच कवितेचे जुने पुस्तक विक्रीला लावण्याआधी अनुक्रमणिका समोर धरून पृष्ठांक तपासावेच लागतात. दहा मिनिटांचे काम आहे. कादंबरीकाराचे नाव मोठे, प्रत खपेल, एवढेच पाहिलेले दिसते. पण ज्याला नेमाडे कवी म्हणून वाचायचे आहेत, त्याला ही प्रत काय कामाची?

पृष्ठ १७वर एका ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक आहे. ‘बाद’चा शिक्का कुठेच नाही. ही प्रत आपल्याकडे कुठून आली ते लेखी कळवावे. ग्रंथालयाने ती बाद केली नसेल, तर ती त्यांच्याकडेच परत गेली पाहिजे.

६५० रुपये आणि टपालाचे ७० रुपये परत करावेत, प्रत आपल्या खर्चाने न्यावी. नोंदीतला फोटो दुसऱ्याच प्रतीचा आहे, तोही काढावा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती राहत्या जिल्ह्यात करता येते.

मलपृष्ठ, कापलेली पट्टी, पृष्ठे ३२ व ४९ आणि शिक्का यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
विश्रामबाग, सांगली