नदी वर, शेत खाली

प्रिय बाबा आणि आई,

फोन तर रोजच होतो पण कालच्या रविवारचं फोनवर सांगून भागणार नाही म्हणून बसून लिहितेय. आई, बाबांचा नवीन चष्मा आला नसेल तर तू वाचून दाखव त्यांना, आणि मधे मधे गाळू नकोस, पंपाचं वगैरे आलं तरी सगळं वाच.

काल मी सायकलवरून एका अख्ख्या पोल्डरला प्रदक्षिणा घातली. पोल्डर म्हणजे बांध घालून आतलं पाणी उपसून कोरडी ठेवलेली जमीन. याचं नाव रोंडं हूप, ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला आहे, माझ्या आम्स्टलव्हेनच्या घरापासून सायकलने अगदीच जवळ. तिन्ही बाजूंनी नद्या, आम्स्टल, वाव्हर आणि बुलेवाइक, आणि त्यांच्या काठाकाठाने बांधावरून अरुंद रस्ता गोल फिरून परत त्याच गावात येतो, आउडरकेर्कला. साधारण सतरा किलोमीटर. मधून जाणारा एकही रस्ता नाही, मधे घर नाही, नुसतं गवत आणि चर. मी देवळात घालतो तशी पोल्डर उजव्या हाताला ठेवून निघाले, म्हणजे नदी कायम डावीकडे.

आणि बाबा, तिथे मी जे बघितलं ना! अर्ध्या वाटेवर पाणी प्यायला थांबले, सायकल स्टँडवर लावली आणि सहज दोन्हीकडे बघितलं तर डावीकडे नदी भरून वाहतेय आणि उजवीकडे खाली कुरणात गायी चरतायत, आणि त्या गायींच्या पाठी नदीच्या पाण्यापेक्षा खाली! शेत खाली, नदी वर. मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

हे कसं झालं ते नंतर वाचून काढलं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी ही सगळी दलदल होती, लोकांनी पाणी काढायला चर खणले, पण ही माती म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, पाण्याने फुगलेली, स्पंजसारखी. पाणी गेलं की ती आकसते, हवा लागली की कुजून जाते, त्यामुळे जमीन खचत गेली, अजूनही खचतेय. नदी मात्र होती तिथेच राहिली. मग चराचं पाणी आपोआप नदीत जाईना, ते वर उचलून टाकायला लागलं, आधी पवनचक्क्यांनी आणि आता विजेच्या पंपांनी.

तेव्हा मला नेरुळचा आपला होल्डिंग पाँड, पावसाचं पाणी साठवायचा तो तलाव, आठवला. मी सहावी-सातवीत असताना पावसात छत्री घेऊन तुम्ही मला तिथे न्यायचात आणि भरतीच्या वेळी ते दार दाखवायचात, खाडीचं पाणी वाढलं की बाहेरून दाबून दार बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जातं, ना मोटर ना माणूस. मला तेव्हा कंटाळा यायचा, खरंच सांगते, मला भेळ हवी असायची. तुम्ही म्हणायचात की सिडकोने हे डच लोकांच्या पद्धतीवरून केलंय कारण आपली नवी मुंबई बऱ्याच ठिकाणी मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. काल त्या बांधावर ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं. मी एवढ्या लांब येऊन तुमच्याच होल्डिंग पाँडच्या माहेरी पोचले होते.

पक्षी पण सांगते. इथल्या कुरणात ग्रुटो नावाचा पक्षी अंडी घालतो, लांब चोच, लांब पाय, आणि स्वतःचंच नाव ओरडत फिरतो. २०१५ मध्ये लोकांनी मतं देऊन त्याला यांचा राष्ट्रीय पक्षी केला. त्याची पिल्लं मशीनखाली येऊ नयेत म्हणून बरेच शेतकरी जूनच्या मध्यापर्यंत गवत कापत नाहीत. बाबा, हा तुमचा काळ्या शेपटीचा पाणटिवळा! तुम्ही थंडीत नेरुळच्या चाणक्य कॉलेजच्या मागे पाणथळीत दुर्बिणीतून बघता तो. तुमच्याकडे येतो तेव्हा करडा दिसतो, इथे मेमध्ये छाती विटेसारखी लाल असते. अर्थात इथले थंडीत आफ्रिकेकडे जातात, आपल्याकडचे रशिया, मध्य आशियाच्या बाजूने येतात, त्यामुळे तोच पक्षी नाही पण त्याचाच भाऊबंद. आणि वारकरी तर प्रत्येक चरात, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा, मागे लाल डोक्याची पिल्लं.

वाव्हरच्या काठाने समोरून इतका वारा होता की सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं वाटलं, त्यातच चेन पडली. मागून एक आजोबा आले, पंच्याहत्तरीचे तरी असतील, काही न विचारता खाली बसले, चेन चढवली, हात गवताला पुसले आणि निघून गेले. पुढे आम्स्टलला वळल्यावर वारा पाठीवर आला आणि सायकल आपोआप चालल्यासारखी चालली. आउडरकेर्कला पोचून नदीकाठच्या बाकावर पोळीचा रोल खाल्ला, आई, तुझी शेंगदाण्याची चटणी आता दोन चमचे उरलीय.

ते आजोबा बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे. पाम बीच रोडच्या ट्रॅफिकमुळे तुम्ही सायकल विकलीत ते मला पटलं होतं, पण इथे त्या रस्त्यावर गाड्या अगदी तुरळक, चढ नाही, उजेड मेमध्ये रात्री साडेनऊपर्यंत. पुढच्या मेमध्ये या दोघं. गुडघ्याची काळजी नको, बॅटरीची सायकल भाड्याने मिळते. आई, तुला मागे बसायचं असेल तर कॅरियर मजबूत असतो, पण तू पण शिकलीस तर मला फार आवडेल.

बाबा, भिंतीला टेकून उभं राहून जांघेपासून टाचेपर्यंत टेपने मापून पाठवा, सीटची उंची त्यावरूनच ठरते. आणि या अमावास्येला भरती मोठी असेल, पाँडवर जाऊन बघाल का ते दार अजून हलतंय की गाळात बसलंय? हलत असेल तर व्हिडिओ पाठवा, भरतीचा पण आणि ओहोटीचा पण.

तुमची,
चिऊ