लाल पानांची हौस असेल तर कुसुंब लावा

संपादक महोदय,

पावसाळा जवळ आला की वृक्षारोपणाची चर्चा सुरू होते. आमच्या वसाहतीत यंदा दोन-तीन कुटुंबांनी अंगणात लावण्यासाठी मेपलचे बी ऑनलाइन मागवले आहे. पानांच्या रंगासाठी झाड लावावेसे वाटणे ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. मात्र ती हौस नागपुरात मेपलकडून पुरी होणे कठीण आहे, म्हणून हे पत्र.

थंड प्रदेशात शरद ऋतूमध्ये दिवस आखडतात, रात्री गार होतात आणि मेपलच्या पानातील हरितद्रव्य विरत जाते. त्याखाली दडलेला पिवळा रंग तेव्हा दिसू लागतो आणि पानात अडकलेल्या साखरेपासून लाल रंगद्रव्य तयार होते. पुढे दीर्घकाळ थंडी मिळाल्याशिवाय बहुतेक जातींच्या कळ्या नीट फुटत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री बोचऱ्या असतात, पण तेवढ्याने या झाडाचे भागत नाही, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की त्याची पातळ पाने कडेने करपतात.

विदर्भाच्या जंगलात मात्र मेपलच्याच कुळातला, सॅपिंडेसी कुळातला, एक वृक्ष पूर्वापार उभा आहे. तो म्हणजे कुसुंब, अर्थात कोशिंब. (आपला रिठाही याच कुळातला.) आपल्याकडची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर, पाणी राखण्यासाठी होते. कुसुंबही तेव्हा थोडे दिवस ओका होतो आणि फाल्गुन-चैत्रात त्याला लालभडक पालवी फुटते. ही कोवळी पाने मऊ, चकचकीत आणि देठापासून लोंबती असतात; आठवड्याभरात ती तांबूस होतात, मग पोपटी, मग गर्द हिरवी. एकाच फांदीवर हे सारे रंग एकत्र पाहायला मिळतात. साग निष्पर्ण उभा असतो त्या ऐन वैशाखात कुसुंबाखाली दाट सावली असते, आणि नागपूरकराला सावलीची खरी गरज तेव्हाच असते. त्याच्यावर वाढणारी कुसमी लाख उत्तम प्रतीची मानली जाते, तर बियांपासून तेल निघते.

कुसुंबाची वाढ सावकाश होते, हे आधीच सांगितलेले बरे. फळे पावसाळ्याच्या सुरुवातीस पिकतात. आंबट गर काढून, बी दिवसभर पाण्यात भिजवून लगेच पेरावे. सोटमूळ खोल जाते, त्यामुळे रोपासाठी लांब पिशवी घ्यावी आणि रोप फार मोठे होण्याआधी जमिनीत लावावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि गुरांपासून राखण लागते. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर ती जागा टाळावी. पुढे हा वृक्ष मोठा विस्तारतो, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा भिंतीला खेटून लावू नये. ज्यांचे अंगण लहान आहे त्यांनी कुसुंबाचा आग्रह धरू नये.

महापालिकेच्या उद्यान विभागाला माझी विनंती आहे की मोठी उद्याने, तलावांचे काठ आणि रुंद रस्त्यांच्या कडा यांसाठीच्या रोपांत कुसुंबाचा समावेश करावा आणि बुंध्याभोवती किमान एक मीटर माती सिमेंटविना मोकळी ठेवावी. रोपे तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पुढच्या वर्षी ती हवी असतील तर बी याच पावसाळ्यात पेरावे लागेल.

आपला नम्र,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर