आवाहन : नारळी पौर्णिमेआधी प्रत्येक खलाशाच्या अंगावर लाईफ जॅकेट

सर्व सभासद, नाखवा (बोटमालक), तांडेल (बोट चालवणारे प्रमुख), खलाशी बंधू, मासळी विकणाऱ्या भगिनी आणि मुंबईकर ग्रामस्थ यांस सप्रेम नमस्कार.

1 जूनला लागलेली मासेमारी बंदी 31 जुलैला उठेल. बोटी शाकारलेल्या आहेत तोवरच हे काम उरकायला हवे. एकदा बर्फ भरायला लागला की कुणालाच सवड नसते.

आधी ऋण मान्य करतो. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले, तेव्हा फुटलेल्या बोटी आपल्याच माणसांनी पुन्हा पाण्यात उतरवल्या. पाखाडीतल्या (वाडीतल्या) भगिनींनी रोजच्या पाटीमागे पैसे बाजूला काढले. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळींनी त्या वर्षी सहल रद्द करून रक्कम पाठवली. बर्फवाल्यांनी उधारीचा शब्द हंगामभर काढला नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने जेट्टीवरची शेड नेली, ती खरेदीदार मंडळींनी पत्रे, खांब, मजुरीसकट उभी करून दिली. असे दाते दुसऱ्या बंदरावर नाहीत, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण गेल्या वर्षी जॅकेटांसाठी पत्रक काढले, तेव्हा 42 पैकी 9 बोटींची वर्गणी आली. पालखीच्या बँडला एका संध्याकाळी याहून जास्त जमते. वाईट वाटले.

जॅकेटे बोटीवर नाहीत असे नाही. तपासणीपुरती आहेत. ती इतकी जाड की घालून जाळे ओढता येत नाही, म्हणून बर्फाच्या गोणींखाली जातात. तिथे फोम चेपतो, पट्टे डिझेलने कुजतात, बक्कल गंजते. आणि माणूस पाण्यात पडायला वादळ लागत नाही. जाळे सोडताना पाय फासात येतो, रात्री मागच्या बाजूला एकटा गेलेला खलाशी घसरतो. म्हणून यंदा हात मोकळे राहणारी, पायांमधून पट्टा असलेली, शिट्टी व चमकपट्टीची कामाची जॅकेटे घ्यायची आहेत. माणशी एक, बोटीमागे एक जादा.

प्रत्येक बोटीला दोन लाईफबॉय (पडलेल्याकडे फेकायची तरंगती कडी) आणि त्यांना 30 मीटर दोर. दोर पॉलिप्रॉपिलीनचाच हवा, तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंततो. जाळ्याजवळ हाताशी एक सुरी. विंचला (जाळे ओढायच्या यंत्राला) जाळीचे कव्हर, कारण सैल बाही ड्रमवर गेली की हात मागोमाग जातो.

आग विझवायचा 6 किलोचा पावडर सिलिंडर दोन. एक केबिनच्या दाराशी, इंजिनाच्या खणात नव्हे. आग तिथेच लागली तर घ्यायला जाणार कोण? इंजिनाच्या हादऱ्याने पावडर तळाशी बसते, म्हणून महिन्यातून एकदा उलटा करून हलवावा, काटा हिरव्यात आहे ना बघावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तळात साचतो आणि इंजिन सुरू करतानाची ठिणगी पुरते.

मासळीच्या खणाबद्दल तांडेलांना हात जोडून विनंती. कुजलेल्या मासळीच्या वायूचा वास थोड्या वेळाने येईनासा होतो, कारण नाक बधिर होते, वायू गेलेला नसतो. झाकण उघडून ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) चालवावा, मगच कमरेला दोर बांधून एकाने उतरावे. तोंडावर ओले फडके बांधून काही होत नाही. पहिला कोसळला तर दुसऱ्याने उडी मारू नये, दोराने वर ओढावे. यासाठी संस्थेला चार ब्लोअर घ्यायचे आहेत, जेट्टीवर आळीपाळीने वापरू.

वर्गणी 10 जुलैपर्यंत संस्थेच्या कार्यालयात, सकाळी 10 ते 1, रोख वा धनादेश, पावती घ्यावी. वस्तूंचे दर फळ्यावर. वस्तुरूपानेही चालेल, आधी विचारून. जॅकेटांवर बोटीचे नाव रंगवणे 15 जुलैपासून. वायरलेस तपासायला आणावा, चॅनेल 16 वर. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 केबिनमध्ये लिहावा.

संचालक मंडळाच्या वतीने,
सचिव

ता.क. थर्माकोलची जुनी जॅकेटे कृपया देणगी म्हणून आणू नयेत.