गर्दी म्हणजे परीक्षणाचे उत्तर नव्हे

महोदय,
केदार शिंदे दिग्दर्शित 'बाईपण भारी देवा' हा चित्रपट ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षकांनी अभिनयाला दाद दिली, पण काहींनी त्यातील अतिभावुकतेवर बोट ठेवले; पुढे बायकांनी घोळक्याने येऊन चित्रपटगृहे भरली आणि त्या गर्दीचाच दाखला देत समीक्षकांना वेड्यात काढले जाऊ लागले. हे मला पटत नाही. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींपैकी प्रत्येकीची कोंडी शेवटी फारच सोयीने फुटते, हा आक्षेप तिकीटविक्रीने खोटा ठरत नाही. मात्र रडवणारे ते सारे उथळ, हेही खरे नाही. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यातील ताण पाहताना पार्श्वसंगीताची मदत लागत नाही. नुसत्या नजरा पुरतात. (इतरत्र ते संगीत जरा कमी असते तर बरे झाले असते.) अश्रू कोठे कमावलेले आहेत आणि कोठे ओढून काढलेले, हे प्रसंगागणिक दाखवणारी परीक्षणे हवीत, निव्वळ तारे मोजून ते कळत नाही.

– एक वाचक, ठाणे