रविवारच्या रानभाजी-जेवणाची आठवण

मंडळी, रविवारी दुपारी १२ ला क्लबहाउसमध्ये रानभाजीचं जेवण आहे. कुपन १५० रुपये, शुक्रवारपर्यंत वॉचमनच्या केबिनमधून घ्या.

टाकळा, कुर्डू, शेवळं, सोबत नाचणीची भाकरी. कंटोळी अजून आलेली नाहीत, विचारू नका. भाजी मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरच्या बायकांकडूनच, त्या सांगतील त्या भावाने. शेवळं या खेपेला काकड (शेवळांची खाज मारणारं आंबट रानफळ) घालूनच शिजतील. गेल्या वर्षी चिंच कमी पडली आणि कितीजणांचे घसे खाजले ते आठवतंय!

खर्च वजा जाता उरलेल्या पैशांतून त्याच पाड्यांना तांदूळ-तूरडाळ जाणार. तिथे भात हाती येतो दिवाळीच्या सुमारास, कणगी मात्र आषाढातच रिकामी होते. नुसती वर्गणी दिलीत तरी चालेल. ताट-वाटी घरूनच आणा, थर्माकोल नको.